पारोशा तोंडाचं औषध

दगडीपाल्याची चव कशी असते, हे मला कुणी विचारू नये. विचारतात तरी. घरातली पोरं जेवायला बसली की मुद्दाम विचारतात, आणि तेही ताटात पालकाची पातळ भाजी वाढलेली असताना. मी सांगू लागलो की त्यांची आई डोळे वटारते, पोरं नाकं दाबतात, आणि शेवटी घास अडकतो तो माझाच. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. वाचणाऱ्यानं आधी जेवून घ्यावं असं सांगणार होतो. पण विचार केल्यावर वाटतं, न जेवलेलंच बरं.

दगडीपाला म्हणजे बांधावर, रस्त्याच्या कडेला, दगडाच्या फटीत माजणारं एक खरखरीत पानांचं झुडूप. गवतापेक्षा थोडं मोठं, वर पांढरट-पिवळं बारीक फूल. बोट कापलं, गुडघा फुटला की पानं चुरगाळून रस पिळायचा, रक्त थांबतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्या मोठ्या काकांनी या पाल्याचं जे शास्त्र करून ठेवलं होतं, ते दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही. नसेल तर त्या गावाचं नशीब चांगलं.

आमचं गाव दुसरबीड आणि मेहकरच्या मधलं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, पण रानडुकरांना त्याची खबर नव्हती. ज्वारी कणसात आली की ती नाल्यातल्या शिंदीच्या बेटातून वर चढत आणि अख्खं वावर लोळवून जात. खायची थोडी, तुडवायची फार. आणि मागं वास ठेवायची. चिखलात लोळलेल्या, उकिरडा उकरलेल्या, कुजकं मांस खाल्लेल्या जनावराचा वास. ज्वारीचं धाट हातात घेतलं तर हाताला तो चिकटायचा, आणि घरी येऊन राखेनं हात घासले तरी भाकरीपर्यंत सोबत यायचा.

काकांकडे पीक राखायच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू घालायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे घालायचे, गजानं ठोकायचं. एक बार उडाल्यावर दुसरा भरेस्तोवर डुक्कर आपल्या पोराबाळांना भेटून परत आलं असतं. म्हणूनच असेल, काकांचं शिकारीपेक्षा शिकारीतल्या घाताकडे लक्ष जास्त. नाल्यात उतरण्याआधी प्रत्येकानं आपलं चढायचं झाड हेरून काकांना बोटानं दाखवायचं. दोघांनी एकच झाड दाखवलं तर भांडण तिथंच मिटवायचं, डुक्कर आल्यावर नाही. धोतराचा सोगा लोंबता कामा नये. पोट साफ करूनच यायचं, कारण ऐन हाक्यात, डबे बडवून जनावर उठवलं जात असताना, बंदूक टाकून झुडपाआड बसलेला माणूस काकांनी एकदा पाहिला होता, आणि ते दृश्य ते सगळ्यांना अंगविक्षेपांसह सांगत.

शिवाय नाल्याच्या वर चाचांचा छकडा उभा. चाचा गावातले पिंजारी, गाद्या-रजया भरणारे. त्यांच्याकडे एकनळी बंदूक होती आणि नेम काकांपेक्षा बरा होता. डुकराला ते गोळी घालत, पण हात लावत नसत. ज्वारी तर त्यांचीही होती. छकड्यात कडबा अंथरलेला, बैल जुंपलेलेच. त्यात डुकराचा एक केसही पडू नये ही चाचांची अट. माणूस पडला तर त्याच्यासाठी छकडा मोकळा असावा ही काकांची. दोन अटी एकीत एक चपखल बसल्या होत्या, त्यामुळे दोघांची दोस्ती जुनी होती.

आता पाल्याचं. काकांच्या तरुणपणी त्यांच्या डोळ्यांसमोर एका गड्याची मांडी डुकराच्या सुळ्यानं फाटली होती. पाला शोधायला माणसं चहूकडे धावली. नाला सगळा खडकाचा. पाला मिळून, ठेचून आणेस्तोवर गडी गार झाला. ती गोष्ट सांगताना काका कधी हसले नाहीत. तेव्हापासून त्यांनी नेम घालून दिला होता, की पाला ऐनवेळी शोधायचा नाही, तो तयार पाहिजे. ठेचून डब्यात ठेवावा तर काळा पडतो, वाळतो. मग ओला आणि कोमट कुठं राहील? माणसाच्या तोंडात. तेव्हा हाका सुरू होण्याआधी एका माणसानं तोंडभर पाला चावून घ्यायचा आणि शेवटची बंदूक रिकामी होईपर्यंत तो तोंडात धरून बसायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही, आणि अर्थातच बोलायचं नाही.

तोंड पारोसं पाहिजे. म्हणजे सकाळपासून दात न घासलेलं, चूळ न भरलेलं. पारोशा थुंकीत गुण असतो, धुतला की जातो, असं काकांचं म्हणणं. आणि तंबाखू-सुपारीचं तोंड बाद.

या शेवटच्या अटीनं अख्खं गाव बाद झालं आणि मी उरलो.

मी तेव्हा चिखलीला एका कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं तागे उलगडायच्या नोकरीवर होतो. मालकाला मांजरपाटावर पिचकारी पडलेली चालत नसे, म्हणून माझं तोंड कोरं. बोलायची मात्र सवय अशी, की गिऱ्हाईक दुकानातून निघून गेल्यावरही मी त्याला किनार कशी टिकेल ते सांगत असे. सुट्टीला घरी आलो होतो. काकांनी मला तोंड उघडायला लावलं, बैल घेताना पाहतात तसे दात पाहिले, आणि जमलेल्या मंडळींना म्हणाले, की याची निवड केली म्हणजे दोन कामं होतील, औषधही राहील आणि शांतताही. मंडळी हसली. मीही हसलो. मला वाटलं पान खाण्यासारखंच काहीतरी असेल.

त्याच सुट्टीत धाकट्या बहिणीचे यजमान तिला न्यायला आले होते. पाव्हणे उंचपुरे, हसरे, आणि घडीभर एका जागी बसणार नाहीत असे. तोवर ते कापसाच्या एका जिनिंगच्या ट्रकवर होते. आता सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून त्यांचा नंबर लागायचा होता. पौष लागायच्या आत बुलढाण्याला जाऊन गाडी चालवून दाखवायची, घाट चढवून दाखवायचा, की पक्की नोकरी. काकांनी त्यांना हाक्याचं आवतण दिलं. जावयाला ओसरीवर बसवून चिवडा खाऊ घालण्यापेक्षा हा मान मोठा, असं काकांना वाटे.

बहिणीला ते पसंत नव्हतं. पाव्हण्यांसमोर आणि काकांसमोर ती काही बोलली नाही. पहाटे मी अंगणात पारोशा तोंडानं उभा होतो तेव्हा जवळ आली.

“दादा, तुमी त्यायले नेऊन राह्यले. पन त्यायच्या डाव्या पायाले काई झालं नाई पायजे. थ्या गाडीचा क्लच लय जड रायते म्हनतात. थो पाय म्हंजे आमची भाकर हाय.”

मी तिला सांगितलं की काळजी करू नकोस, औषध माझ्या तोंडात आहे. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर नाकाला लावला. मी चूळ भरली नव्हती.

पाला त्याच पहाटे खुडलेला असावा लागे. आणि आमच्या गावात सगळ्यात जोमदार, हिरवागार पाला कुठं येत असे, तर गोदरीत. पहाटे लोटा घेऊन गाव जिथं जातं तिथं. टोपली माझ्यापुढं आली तेव्हा मी एवढंच विचारलं, की धुतला आहे ना? काका म्हणाले, धुतल्यानं त्याचा चीक जातो. मग टोपली आणणाऱ्या गड्यानं, मी न विचारताच, आपण पाला अगदी पाहून पाहून, बाजूबाजूनं खुडल्याचं सांगितलं. त्याचा तो ‘बाजूबाजूनं’ हा शब्द ऐकून मी टोपलीतलं एकेक पान उलटून पाहू लागलो.

पानांवर बारीक लव असते. जिभेला ती घासकागदासारखी लागते. आधी कडू, मग तुरट, आणि मग चव नाहीच, नुसता हिरवेपणा. नाकातून हिरवा वास, डोळ्यांत हिरवं पाणी. खरा त्रास लाळेचा. ती सुटतच राहते आणि गिळायची तर नाही. गालफडं फुगतात, ओठांच्या कोपऱ्यांतून धार लागते, हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून सदऱ्यात. चिलटांना खबर कोण देतं कुणास ठाऊक. ओठांवर बसली, नाकपुडीत शिरली. एक तोंडात गेलं. थुंकायची सोय नाही, म्हणून तेही चावलं गेलं. औषधात भर पडली म्हणायचं.

पाला फिका पडला असं वाटलं की त्यावर ताजी पानं कोंबायची. आधीचा चोथा तसाच. थोड्या वेळानं माझ्या तोंडात काय आहे आणि मी काय आहे, यातला फरक मला सांगता आला नसता.

पाला धरणाऱ्यानं उंचावर बसायचं, म्हणजे खालचा प्रत्येक माणूस त्याला दिसतो आणि कुठंही घात झाला तर धावता येतं. त्याप्रमाणे मी नाल्याच्या काठावर एका दगडावर बसलो. काका खाली नाल्याच्या तोंडाशी, बांधाच्या आड. चाचा समोरच्या काठाला. पाव्हण्यांना काकांनी बंदूक दिली नव्हती. आपल्या मागच्या बाभळीच्या बेचक्यात बसवलं होतं आणि खाली उतरायचं नाही असं दोनदा बजावलं होतं. जावयाला बजावताना काका ‘बापू’ लावत, त्यामुळे बजावलेलं तितकंसं लागत नसावं.

वरच्या अंगानं हाकारे डबे बडवत निघाले. ऊन चांगलं वर आलं होतं. शिंदीतून आधी एक घोरपड निघाली, मग तितर उडाले, आणि मग तो निघाला. एकटा, काळा, मानेवर आयाळ उभी, अंगावर वाळलेल्या चिखलाची ढलपं. वास माझ्यापर्यंत वर आला. तोंडातल्या हिरव्यावर तो काळा वास बसला आणि मला जोराची उबळ आली. ती मी कशी दाबली ते मी सांगणार नाही. पोरांना सांगितलं होतं, तर ती जेवणावरून उठून गेली.

काकांचा बार आधी उडाला आणि मातीत गेला. चाचांची गोळी लागली. डुक्कर कोलमडलं, उठलं, आणि पुढं जायच्या ऐवजी गर्रकन वळून परत शिंदीत घुसलं. मग सगळं शांत झालं. हाकारे थांबले. काकांनी बंदुकीत गज घालून ठोकायला सुरुवात केली. चाचांनी हातानं सगळ्यांना थांबायची खूण केली.

पाव्हणे थांबले नाहीत. त्यांना वाटलं शिकार झाली. बाभळीवरून उतरले, धोतर झटकलं आणि नाल्याच्या वाळूत येऊन उभे राहिले. शिंदीकडं पाठ करून. काकांचं लक्ष गजाकडं होतं आणि बांधामुळं चाचांना ते दिसत नव्हते. दिसत होते फक्त मला.

त्यांच्या मागची शिंदी हलली.

वारा नव्हता. पुन्हा हलली, जरा अलीकडं.

मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवले. पाव्हण्यांनी वर पाहिलं, हसले, आणि त्यांनीही दोन्ही हात हलवले. मी नाकातून जेवढा आवाज निघेल तेवढा काढला. वेत अडलेल्या म्हशीसारखा आवाज निघाला असावा, कारण पाव्हणे आणखीच हसले. मी दगड फेकला. दगड कुठंतरी भलतीकडं पडला आणि ते तिकडं पाहू लागले. म्हणजे डुकराकडं पाहायचं सोडून आणखी उलट दिशेला.

घोकून घोकून बसवलेला नेम माणसाला कसा धरतो पाहा. त्या क्षणीही मी तोंड घट्ट मिटून धरलं होतं. घात होणार म्हणून तर पाला धरायचा. आणि घात होताना दिसतो आहे तर पाला जास्तच धरायला हवा, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मग शिंदीतून सुळा दिसला. मी सगळं एका दमात थुंकलो आणि ओरडलो,

“पाव्हणे, मांगं!”

ते वळले आणि बाजूला उडी मारली. पोटावर येणारा सुळा मांडीत गेला. डाव्या. डुक्कर त्यांना ओलांडून पुढं गेलं, आणि चाचांनी ते वाळूतच आडवं केलं.

मी काठावरून घसरत खाली आलो. पाव्हणे बसून होते, दोन्ही हातांनी मांडी दाबून, आणि बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. काका बंदूक टाकून धावत आले. त्यांनी डुकराकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं हात पसरला.

“पाला.”

मी तोंड उघडलं. काकांनी आत पाहिलं, हिरव्या जिभेखेरीज काही नव्हतं.

“थुकला?”

मी म्हटलं, डुक्कर यांच्या अंगावर जात होतं, कुणाला दिसत नव्हतं, ओरडलो.

“वरडाले गावभर मानसं हायेत बे,” काका म्हणाले. “चावाले तू एकटा होता.”

 काकांनी आता सगळ्यांनाच चावायचा हुकूम दिला. टोपलीतला उरलेला पाला वरून आला. हाकारे धावत आले होते, त्यांच्या हातांत मुठी मुठी पडल्या. आता पारोसं तोंड कुठलं आणि कोरं तोंड कुठलं? कुणाच्या गालात तंबाखूचा बार होता, कुणी नुकतीच सुपारी फोडली होती, एक तर भाकरी आणि झुणका खाता खाता उठून आला होता. कुणी चूळ भरली नाही, कारण घाई होती. सगळी मंडळी रवंथ करणाऱ्या गुरांसारखी गोल उभी राहून चावू लागली, आणि ज्याचं झालं तो वाकून पाव्हण्यांच्या मांडीत थुंकू लागला.

मी खूप घाण पाहिली आहे. उकिरडे पाहिले आहेत, मेलेली ढोरं पाहिली आहेत. पण उघड्या मांसावर हिरवी, तपकिरी, लाल, दाण्यादाण्याची थुंकी पडताना मी जे पाहिलं, त्याच्यापुढं ते डुक्कर मला न्हालेलं वाटलं. काकांना स्वतःला चावायला दात नव्हते, म्हणून ते बोटानं सगळं आत दाबत होते आणि रडत होते. पाव्हणे आधी मुकाट्यानं पाहत होते. मग त्यांनी तोंड फिरवलं. ते दुखल्यामुळं नव्हतं.

माझ्या धोतराची पट्टी फाडून बांधली. त्या सगळ्या कारभारात कोरी निघालेली ती एकच वस्तू.

छकडा तयार होता, एवढं काकांच्या तयारीचं खरं. पण छकड्यापर्यंत पाव्हण्यांना उचलून न्यायला माणसं बोलवावीत, तर माणसं डुकराभोवती. कुणी कोयता काढला होता. मागचा उजवा पाय कुणाच्या वाट्याचा, यावर शब्दाला शब्द लागला होता. एकानं मला विचारलंसुद्धा, की पाल्यावाल्याचा वाटा असतो, पण तुमी थुकले, तवा तुमचा धरायचा का नाई? मला त्या माणसाचा राग आला नाही. मला एकदम थकवा आला. चाचांनी मात्र पुढं होऊन बंदुकीच्या दस्त्यानं वाळूवर एक रेघ ओढली.

“पहले दामाद. सुव्वर मरेला है, वो किधर बी नहीं जाता.”

तेवढ्यानं चारजण उठले. बाकीचे बसलेच राहिले.

मेहकरपर्यंत मी छकड्यात पाव्हण्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. काका पुढं चाचांजवळ, पाठ करून. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक खड्ड्याला पट्टीतून हिरवट-लाल पाणी कडब्यावर ठिबकत होतं आणि माश्या छकड्याच्या वेगानं सोबत येत होत्या. मी उपरण्यानं वारत होतो. पाव्हणे दुखतं म्हणाले नाहीत, पाणी मागितलं नाही. ते डावं पाऊल छकड्याच्या पुढच्या फळीला लावून काहीतरी करत होते. आधी मला कळलं नाही. मग कळलं.

“दाबल्या जाऊन नाई राह्यलं, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “जोरच नाई लागत.”

मी म्हटलं, आत्ता कसा लागेल, जखम ताजी आहे. ते म्हणाले, हाव. आणि पुन्हा दाबून पाहू लागले. मी बहिणीला काय सांगणार, हे मनात जुळवायला लागलो. जुळलं काहीच नाही, कारण प्रत्येक वाक्य ‘औषध माझ्या तोंडात होतं’ इथंच येऊन थांबत होतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पश्चिमेकडचे, शांत बोलणारे. त्यांनी पट्टी सोडली. मग खिडकी उघडायला सांगितली.

“हे कुणी घातलं?”

एरवी ‘हे मी केलं’ म्हणायची आमच्यात अहमहमिका असायची, ती एकदम ओसरली. काकांनी छताकडं पाहिलं. सोबत आलेले चौघे एकेक करून, बैलांना पाणी दाखवतो म्हणून बाहेर गेले. बैल दोन होते. चाचा दारात उभे होते, ते म्हणाले की पाला चांगला असतो साहेब, हम बी लगाते. डॉक्टर म्हणाले, पाल्याबद्दल माझी तक्रार नाही. मग त्यांनी चिमट्यानं जखमेतून एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि विचारलं,

“ही सुपारी कुणाची?”

काका उठून बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं.

जखम आतून साफ करायला हवी होती. दवाखान्यातला मदतनीस जेवायला गेला होता, तेव्हा पाय धरायला आणि पाणी ओतायला कुणीतरी हवं होतं. खोलीत मी होतो. साधं बोट कापलं तर दुसरीकडं पाहणारा मी, त्या दिवशी घमेल्यावर वाकून उभा राहिलो. डॉक्टर काढत गेले, मी पाणी ओतत गेलो. चोथा निघाला, देठं निघाली, तंबाखूची काळी गोळी निघाली, ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा निघाला. सगळं खालच्या बादलीत पडत होतं, आणि बादलीतून वर येणाऱ्या वाफेला दवाखान्याच्या औषधाचा, डुकराचा आणि गावातल्या सगळ्या तोंडांचा मिळून एकच वास होता. मी दोनदा खिडकीशी जाऊन आलो. डॉक्टर तेवढा वेळ थांबले, हे त्यांचे उपकार.

शेवटी आतलं मांस लाल दिसू लागलं. डॉक्टरांनी टाके घातले. मोठी रक्तवाहिनी वाचली, ते म्हणाले; पण सुळा खोल गेला आहे आणि पायाची नस दुखावली असेल तर पाय लुळा पडेल. ते आजच सांगता येणार नाही. जखम चिघळू दिली नाही तर निम्मं काम झालं. मग हात धुवायला आतल्या खोलीत गेले.

पाव्हणे छताकडं पाहत पडले होते. नोकरीबद्दल डॉक्टरांना त्यांनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दोघांनाही उत्तर ऐकायचं नव्हतं.

“भाऊ,” ते म्हणाले, “पायाशी उभे ऱ्हा. तळव्याले हात लावा.”

मी म्हटलं, टाके आहेत, डॉक्टर ओरडतील.

“लावा म्हनतो ना.”

मी पायाशी गेलो. त्यांच्या तळव्याला वाळू आणि वाळलेलं रक्त चिकटलेलं होतं. मी दोन्ही पंजे लावले. त्यांनी डोळे मिटले. काही झालं नाही. बोटं तेवढी हलली, आणि माझ्या पंज्याला त्यांचा थंडगार घाम लागला. त्यांनी डाव्या हातानं खाटेची कड धरली, आणि गिअरचा दांडा धरायला हवेत उजवा हात नेला. मग दांडा डाव्या हाताला असतो हे लक्षात येऊन हात बदलले, आणि त्याही वेळी थोडे हसले.

मला वाटलं पुन्हा काही होणार नाही, म्हणून मी जरा सैल उभा होतो.

त्यांनी जे दाबलं, ते जिनिंगच्या ट्रकचा क्लच दाबणारं दाबणं होतं. मी सरळ मागं गेलो, बादलीवर बसलो, आणि बादली माझ्यासकट आडवी झाली. पाठ, सदरा, मान. चोथा, पाणी, सुपारी. कानातसुद्धा. आवाज ऐकून काका आणि चाचा आत आले, आतून डॉक्टर आले, आणि डॉक्टरांनी मला असं झापलं की दुकानाच्या मालकानंही कधी झापलं नसेल. टाक्यातून थोडं रक्त आलं होतं. फार नाही.

काका माझ्याकडं पाहत नव्हते. ते पाव्हण्यांच्या पायाकडं पाहत होते.

“दाबला?” त्यांनी विचारलं.

मी फरशीवर बसून होतो. तोंड उघडायची सोय नव्हती, कारण ओठावर काय लागलं होतं ते मला माहीत होतं. मी होकाराची मान हलवली.

“भाऊ, एक डाव अजून धरा,” पाव्हणे म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा पांढरा पडला होता. “मंग दुसऱ्या गेरात टाकतो.”

डॉक्टर नाही म्हणाले. काकांनी मात्र धोतराचा सोगा वर खोचला, त्या सांडलेल्या घाणीत अनवाणी उतरले, आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन दोन्ही पंजे पसरून उभे राहिले.